माशांची अंडी आणि खाद्यातली जास्तीची खनिजं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. आता निवृत्त आहे, पण मोहोळ, माढा, मंगळवेढा भागातल्या शेततळेवाल्यांचे फोन थांबलेले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांत एक तक्रार हटकून असते: मादी धडधाकट होती, अंडी भरपूर दिली, पण पिल्लं वाकडी निघाली, किंवा आठवडाभरात संपली. पाणी, औषध, बियाणं, सगळ्यांवर संशय घेऊन झालेला असतो. मादीला चार महिने काय खायला घातलं, ते मात्र मी विचारेपर्यंत कोणी सांगत नाही. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवतो.

खनिजं तर माशाला लागतातच. मग ती विषारी कशी?

लागतात, पण फार थोडी. जस्त, तांबं, मँगनीज, लोह, सेलेनियम यांच्याशिवाय मासा वाढत नाही. प्रश्न आहे तो 'पुरेसं' आणि 'फार' यांतल्या अंतराचा. काही खनिजांत ते अंतर ऐसपैस असतं. सेलेनियममध्ये ते फारच चिंचोळं. रेनबो ट्राउटवरचे जुने प्रयोग पाहा: गरज एक किलो खाद्यामागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत, आणि १३ मिलिग्रॅमला माशाची स्वतःचीच तब्येत बिघडते. पुढच्या पिढीला त्रास व्हायला इतकंही लागत नाही. तळ्यातले मासे जे किडे आणि शंख-शिंपले खातात, त्यांत किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम असेल तरी धोका सुरू होतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे मासा स्वतः आजारी पडायच्या कितीतरी आधी त्याची अंडी बिघडलेली असतात.

आई ठणठणीत आणि पिल्लं वाकडी, हे कसं काय?

बलक ही पिल्लाची शिदोरी. आईने बांधून दिली तेवढीच, वाटेत दुसरं काही मिळणार नाही. ही शिदोरी तयार होते मादीच्या यकृतात. तिथे व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनतं, रक्तातून अंडाशयात जातं आणि अंड्यात साठतं. हे काम दोन-चार दिवसांचं नाही, काही महिने चालतं. त्या काळात मादीने जे खाल्लं, त्याचा हिशोब बलकात उतरतो.

सेलेनियमची गोम अशी की रसायनशास्त्रात ते गंधकाचं सख्खं भावंड. मेथिओनिन या अमिनो आम्लात गंधक असतं. त्या जागी सेलेनियम बसलं की सेलेनोमेथिओनिन होतं, आणि शरीराला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. प्रथिन विणताना एकाच्या जागी दुसरं बेधडक वापरलं जातं. व्हिटेलोजेनिनमध्येही तेच होतं आणि माल थेट अंड्यात पोचतो.

मादीचं शरीर पूर्ण वाढलेलं असतं. तिची हाडं तयार आहेत, यकृत आणि मूत्रपिंड चालू आहेत, जास्तीचं थोडंफार ती बाहेर टाकते. पिल्लाचं तसं नाही. ते बलक वापरतं नेमकं त्याच दिवसांत जेव्हा त्याचा कणा, जबडा आणि हृदय घडत असतं. बलक फोडून वापरताना त्यातलं सेलेनियम मोकळं होतं, ऑक्सिजनचे दाहक रेणू तयार होतात आणि पेशी होरपळतात. म्हणून अंडी फुटण्याचं प्रमाण कित्येकदा चांगलं दिसतं, हॅचरीवाला खूश होतो, आणि बलक संपत येतो तसा खरा प्रकार उघडा पडतो. कणा आडवा वळलेला किंवा कुबड आलेलं, खालचा जबडा आखूड, कल्ल्यावरचं झाकण अपुरं, डोळे बाहेर आलेले, पोटाशी आणि हृदयाभोवती पाणी साचून फुगा. यांतलं एखादं पिल्लू कुठेही सापडतं. शेकड्यात दहा-वीस सापडली तर मात्र आईच्या खाद्याकडे बघा.

प्रयोगशाळेबाहेर खरंच असं कुठे झालंय का?

झालंय. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बेलूज लेक नावाचा तलाव आहे. १९७० च्या दशकात तिथल्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याचं पाणी त्यात यायला लागलं. तलावाच्या पाण्यात सेलेनियम किती, तर लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. पण शेवाळाने ते गोळा केलं, शेवाळ किड्यांनी खाल्लं, किडे माशांनी खाल्ले, आणि माशांनी ते अंड्यांत भरलं. काही वर्षांत तलावातल्या २० जातींपैकी १६ नाहीशा झाल्या. मासे मरून पाण्यावर तरंगले, असं फारसं झालं नाही. मोठे मासे फिरताना दिसत होते, पिल्लं तेवढी दिसेनाशी झाली, आणि मोठे म्हातारे होऊन संपले.

गंमत म्हणजे त्या सगळ्यात तग धरून राहिला तो गॅम्बुशिया. आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला टाक्यांत आणि डबक्यांत सोडतात, त्याच गप्पीचा चुलतभाऊ.

आम्ही पाणी तपासून घेतलं, रिपोर्ट चांगला आला. मग अडचण कुठे?

पाण्याच्या रिपोर्टात खाद्य दिसत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१६ मध्ये सेलेनियमची मर्यादा नव्याने ठरवली, तेव्हा पहिला मान पाण्याला दिलाच नाही. आधी अंडी आणि अंडाशय बघा, वाळवलेल्या वजनाच्या किलोमागे १५.१ मिलिग्रॅम ही सीमा. पाण्याचा आकडा त्यानंतर, आणि तोही साचलेल्या पाण्यासाठी लिटरला दीड मायक्रोग्रॅम इतका कमी. माझ्या मते फार शहाणपणाचा निर्णय होता तो.

प्रयोगशाळांत माशाच्या गर्भावर रसायन तपासायची एक ठरलेली पद्धत आहे. २०१३ पासून जगभर वापरतात. झेब्रा डॅनिओ या छोट्या पट्टेरी माशाची ताजी अंडी रसायन मिसळलेल्या पाण्यात ९६ तास ठेवायची आणि चार गोष्टी बघायच्या: अंडं गोठून पांढरं पडलं का, शरीराचे खंड पडले का, शेपटी बलकापासून सुटली का, हृदय चालतंय का. पद्धत उत्तम आहे. पण ही अंडी निरोगी, चांगलं खाल्लेल्या मादीची असतात. आईच्या पोटातून आलेलं विष त्यात सापडायचं कसं? 'टेस्ट पास झालं' असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, कोणाची अंडी होती?

गाई-म्हशीचं खनिज मिश्रण माशांच्या खाद्यात घातलं तर?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. गोठ्यात पिशवी असतेच, मग हात जातो. बऱ्याच पिशव्यांवर जस्त ०.८ टक्के आणि तांबं ०.१ टक्का असं छापलेलं असतं. आता हिशोब करू. किलोभर खाद्यात २ टक्के मिश्रण घातलं, म्हणजे २० ग्रॅम. त्यातून जस्त येतं १६० मिलिग्रॅम आणि तांबं २० मिलिग्रॅम. सायप्रिनसची, म्हणजे साध्या कार्पची गरज किती? जस्त १५ ते ३० आणि तांबं ३ मिलिग्रॅम. शिवाय शेंगपेंड, कोंडा, मासळीची भुकटी यांत मुळात असलेलं वेगळंच. आणि विकतचं तरंगतं खाद्य असेल तर कंपनीने त्यात खनिजं आधीच घातलेली असतात.

मंगळवेढ्याकडचे एक गृहस्थ किलोला 'मूठभर' घालायचे. मी त्यांना मूठ तराजूवर टाकायला लावली. ५५ ग्रॅम भरली. त्यांचा हात मोठा आहे हे खरं, पण खाद्याची मापं मुठीत नसतात.

आता उगाच घाबरवत नाही. जस्त आणि तांबं खाद्यातून आलं तर मासा ते बऱ्यापैकी आवरतो, शोषण कमी करतो, पित्तातून आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतो. एवढ्यावरून अंडी लगेच बिघडतील असं नाही. खरी गोची वेगळीच होते. त्या पिशवीत कॅल्शियम आणि फॉस्फरस ढिगाने असतं, आणि ते आतड्यात जस्ताला अडवतं. जस्त कागदावर जास्त, अंगाला कमी! ट्राउटमध्ये हाडांची राख जास्त असलेल्या मासळीच्या भुकटीमुळे जस्त लागू होईना आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाले, हे चांगलं नोंदलेलं उदाहरण आहे. पिशवीवर सेलेनियमही लिहिलेलं असेल, तर मुठीचा प्रकार ताबडतोब थांबवा.

मग काहीच देऊ नये का?

असं म्हटलं नाही. मादीच्या खाद्यात जस्त आणि मँगनीज कमी पडलं तरी अंडी फुटण्याचं प्रमाण घसरतं. चांगल्या कंपनीचं ब्रूडरसाठीचं, म्हणजे अंडी घेण्यासाठी ठेवलेल्या माशांसाठीचं, खाद्य द्या, वरून काही टाकू नका. घरी खाद्य बनवत असाल तर माशांसाठीचंच प्रीमिक्स घ्या आणि वजनकाटा वापरा.

'ऑरगॅनिक' सेलेनियम सुरक्षित असतं ना?

डब्यावरचा हा शब्द वाचला की लोकांना शेणखत आठवतं. इथे त्याचा अर्थ एवढाच की सेलेनियम यीस्टमध्ये किंवा अमिनो आम्लात बांधलेलं आहे, म्हणजे बहुतेक वेळा सेलेनोमेथिओनिनच. ते शरीराला चांगलं लागू होतं, हा त्याचा गुण. आणि म्हणूनच जास्त झालं तर अंड्यात जास्त जातं, हा त्याचा अवगुण. सोडियम सेलेनाइट हे साधं क्षाररूप त्या मानाने बलकात कमी उतरतं. युरोपात पशुखाद्यात सगळं मिळून किलोमागे ०.५ मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा आहे, त्यात ऑरगॅनिकला सूट नाही.

डाळिंबावर बोर्डो मारतो. पंप शेततळ्यावर धुतला तर चालतो का?

न धुणं बरं, पण आधी आकडे बघू. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचुदात शुद्ध तांबं साधारण चौथा हिस्सा. पंपात अर्धा लिटर मिश्रण उरलं असेल तर त्यात ५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे सव्वा ग्रॅम तांबं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल शेततळ्यात काठाचा उतार धरून साधारण २२ लाख लिटर पाणी बसतं. त्यात सव्वा ग्रॅम पसरलं तर लिटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोठ्या माशाला कळणारही नाही.

आता तेच अर्धा लिटर हजार लिटरच्या टाकीत जाऊ द्या, जिथे तुम्ही अंडी किंवा जिरे, म्हणजे नुकतीच बाहेर आलेली पिल्लं, ठेवलीयत. लिटरला १२५० मायक्रोग्रॅम. सकाळपर्यंत टाकीत काही हलत नसेल. तांबं याहून कमी असेल तर अंड्याचं कवच त्यातलं काही स्वतःकडे अडकवून ठेवतं, त्यामुळे गर्भ थोडा तरी तग धरतो. पण कवचातून बाहेर पडायला लागणारं विकर (एन्झाइम) तांब्याने मंदावतं, अंडी वेळेवर फुटत नाहीत. आणि जी पिल्लं बाहेर येतात ती उघडी पडतात. डॅनिओच्या पिल्लाच्या अंगावर एक रेषा असते, तिच्यातल्या केसांसारख्या पेशींनी त्याला प्रवाह कळतो. लिटरला काही दहा मायक्रोग्रॅम तांबं असलं तरी या पेशी थोड्या तासांत मरतात. पिल्लू जिवंत, पण प्रवाह कुठून येतोय ते त्याला उमगत नाही.

शेवाळ मारायला शेततळ्यात मोरचूद टाकणारेही आहेत. त्याचा नियम पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर) चालतो: क्षारता भागिले १०० तेवढे मिलिग्रॅम लिटरला, आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर टाकायचंच नाही. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्याचा इथे फायदा होतो. जड पाण्यात तांब्याचा विषारीपणा कमी होतो. तरी तळ्यात पिल्लं असताना मोरचूद नको.

बोअरच्या पाण्याने अंडी तांबूस होतात. हे लोहाचं विष का?

विषापेक्षा गुदमरणं म्हणा. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागली की गंजून गाळासारखं बसतं. अंड्यावर त्याचा थर चढला की आत ऑक्सिजन जात नाही. पाणी आदल्या दिवशी टाकीत काढा, फवाऱ्यातून पाडा, गाळ बसू द्या, वरचं घ्या.

मी तर फक्त बोटुकली (बोटभर पिल्लं) आणून सोडतो. मला यातलं काय?

फारसं काही नाही. रोहू, कटला, मृगळ बंदिस्त तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत, हॅचरीत इंजेक्शन देऊनच घालायला लावावी लागतात. बोटुकली घेताना बादलीत पन्नास-साठ काढून वरून नीट बघा. कणा सरळ हवा, तोंड दोन्हीकडून सारखं हवं. सायप्रिनस किंवा चिलापी पाळत असाल तर गोष्ट वेगळी, ते तळ्यातच वाढवतात कुटुंब.

उजनी धरणातली चिलापी कशातही जगते म्हणतात. तिला कसलं आलंय खनिज?

जगते ती मोठी चिलापी. हा सगळा लेख ज्या गैरसमजावर आहे तो हाच. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, उबवते, पिल्लांनाही धोका दिसला की तोंडात घेते. एवढी काळजी घेणारी आई मासळीत विरळा. पण बलकात जे गेलंय ते तोंडात धरून बाहेर निघत नाही.

वाकडं पिल्लू म्हणजे खनिजाचाच दोष समजायचा का?

मुळीच नाही, आणि इथे घाईने निदान करू नका. क जीवनसत्त्व कमी पडलं तरी कणा वाकतो, आणि आपल्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या खाद्यातलं क जीवनसत्त्व टिकत नाही. अंडी उबवताना पाणी फार तापलं तरी तेच. एकाच चार-पाच माद्यांपासून वर्षानुवर्षं बियाणं काढलं तर तेच. शेजारच्या रानातलं कीटकनाशक वाहत आलं तरी तेच. मी असं विचारतो: एकाच पाण्यात, एकाच दिवशी दोन माद्यांची अंडी उबवली होती का? एकीची पिल्लं सरळ आणि दुसरीची वाकडी असतील तर पाणी सुटलं, मादी किंवा तिचं खाद्य अडकलं. दोघींचीही सारखीच बिघडली तर आधी पाणी आणि तापमान बघा. खात्री हवी असेल तर अंडी किंवा खाद्य धातू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावं लागतं. खर्चिक आहे, म्हणून आधी हा फुकटचा हिशोब.

खाद्य बदलायचं तर कधी?

अंडी भरायच्या आधी. पावसाळ्यात अंडी देणाऱ्या कार्पच्या पोटात उन्हाळ्यात अंडी भरतात. म्हणून माझा सोपा नियम: सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठली की ब्रूडरचं खाद्य तपासायचं. शरीरात साठलेलं सेलेनियम स्वच्छ खाद्यावर कमी होतं, पण त्याला आठवडे नाही तर महिने लागतात. मृगाचा पाऊस आल्यावर माझ्याकडे आलात तर मी फक्त पुढच्या वर्षीचं सांगू शकतो.

अशा माशाची गाभोळी खाल्ली तर आपल्याला काही होतं का?

बाजारातल्या गाभोळीची धास्ती घ्यायचं कारण नाही. मोठ्या माणसाला रोज ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं आणि ४०० पर्यंत चालतं. त्यापुढे सतत गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. पंजाबात नवाशहर-होशियारपूरकडे मातीतच सेलेनियम जास्त आहे, तिथे जनावरांना त्याचा त्रास झालेला आहे. आपली काळी माती बेसॉल्टची. आपल्याकडे सेलेनियम आलंच तर डब्यातून येईल. ज्या ब्रूडरना महिनोन्‌महिने डबल डोस दिलाय, त्यांची गाभोळी मात्र मी तव्यावर टाकणार नाही.

घरी काही बघता येतं का?

येतं, आणि एकदा बघाच. मत्स्यालयाच्या दुकानातून झेब्रा डॅनिओच्या चार माद्या आणि सहा नर आणा. हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, पण मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर लिहिताना त्याची नोंद केली. टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसरा, कारण आपली अंडी खायला हा मासा मागेपुढे बघत नाही. गोट्यांच्या फटींत पडली की वाचतात. पहाटे दिवा लागला की थोड्या वेळात अंडी पडतात.

ती पारदर्शक असतात. साध्या भिंगाखाली एका दिवसात हृदय धडधडताना दिसतं, शेपटी बलकाभोवती फटके मारत असते. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि सुरुवातीला टाकीच्या काचेला चिकटून लटकतं. तेव्हा घाई नको. चौथ्या-पाचव्या दिवशी हवेची पिशवी भरते, पिल्लू आडवं होऊन पोहायला लागतं, बलकाची पिवळसर गोळी बारीक होत जाते. बघायचं ते याच वेळी. एका बशीत वीस पिल्लं घ्या, बशीला बोटाने हळूच टिचकी मारा. निरोगी पिल्लू झटक्यात दूर सरकतं. वाकडं असेल ते जागच्या जागी गोल फिरतं. सातव्या दिवशी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे, तारीख आणि मादीच्या खाद्याच्या पिशवीचा फोटो एकत्र ठेवा. फोन कराल तेव्हा मी आधी तेच मागणार आहे.